नळीतला चुंबकी स्क्रू-रोबो ३ हर्ट्झच्या वर जागीच थरथरतो: दोष ड्रायव्हरचा, कॉइलचा की द्रवाचा?

मेकॅट्रॉनिक्स_बीई

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. शरीरात औषध नेणाऱ्या चुंबकी सूक्ष्म रोबोचं मोठं केलेलं मॉडेल करतोय. बाहेरून फिरतं चुंबकीय क्षेत्र द्यायचं आणि नळीतल्या द्रवात मळसूत्रासारखा रोबो पुढे-मागे न्यायचा, एवढंच दाखवायचं आहे. मांडणी अशी:

कॉइल: हेल्महोल्ट्झ पद्धतीच्या (दोन सारख्या कॉइल, त्रिज्येइतक्या अंतरावर समोरासमोर) दोन जोड्या, एकमेकींत काटकोनात. बाहेरच्या जोडीची सरासरी त्रिज्या ७५ मिमी, आतल्या जोडीची ५५ मिमी. सगळ्या कॉइलना २० गेजची एनॅमल तार, प्रत्येकी २०० फेरे, जोडीतल्या दोन्ही सिरीजमध्ये. बॉबिन पीएलए प्लास्टिकमध्ये प्रिंट केलेत.

ड्रायव्हर: एक एल२९८एन (मोटर चालवायचं मॉड्यूल), १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). आर्डुइनो उनोवरून एका जोडीला साइन, दुसरीला कोसाइन, दोन्हीकडे पूर्ण पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज ठरवणं).

रोबो: ०.३ मिमी तांब्याची तार २ मिमी व्यासावर पिळलेली, पिच (एका वेटोळ्याची लांबी) ४ मिमी, एकूण लांबी १० मिमी. डोक्यात १ मिमी व्यास आणि १ मिमी लांबीचा निओडिमियम मॅग्नेट, ध्रुव रोबोच्या अक्षाला आडवे.

नळी: काचेची, आतला व्यास १० मिमी, लांबी १०० मिमी, ग्लिसरिन भरलेली. लॅबमध्ये एसी, २० अंश.

१ ते २ हर्ट्झला रोबो फिरतो आणि सरकतो, पण झटके खात. ३ च्या वर नेलं की जागीच थरथरतो. नळीच्या मधोमध राहत नाही, एका बाजूला चढतो. टोकाकडे गेला की कॉइलकडे ओढला जाऊन काचेला चिकटतो. दहा मिनिटांत एल२९८एन गप्प होतो, आणि तासाभराने आतल्या कॉइलचा बॉबिन वाकलेला दिसला. गाइड सर म्हणतात, इंडक्टन्समुळे फेज बिघडतोय, सिरीजमध्ये कॅपॅसिटर लावा. लावू का?

तांब्याची_तार

कॅपॅसिटर लावू नका. फेज इथे निर्दोष आहे.

बाहेरच्या जोडीचा रेझिस्टन्स सुमारे ४.९ ओहम येतो आणि इंडक्टन्स २१ मिलिहेन्रीच्या आसपास. आतल्या जोडीचा ३.६ ओहम आणि साधारण १४ मिलिहेन्री. म्हणजे टाइम कॉन्स्टंट (करंट व्होल्टेजच्या किती मागे रेंगाळतो तो काळ) ४.४ आणि ३.८ मिलिसेकंद. ३ हर्ट्झला दोन्हीकडचा करंट चार-पाच अंशांनी मागे पडतो, आणि दोघांतला फरक एका अंशाच्याही आत. हा फरक ५० हर्ट्झलासुद्धा चारच अंश होतो. तिथे खरी अडचण वेगळी असते, करंटच जवळपास निम्म्यावर येतो. तुम्ही त्या गावाला जातच नाही आहात.

खरी गडबड अ‍ॅम्प्लिट्यूडची आहे. हेल्महोल्ट्झ जोडीच्या मधोमधचं क्षेत्र मिलिटेस्लामध्ये हवं असेल तर ०.०९ × एका कॉइलचे फेरे × अँपिअर, भागिले सेंटिमीटरमधली त्रिज्या. एल२९८एन तीनेक व्होल्ट स्वतःच खातो, म्हणून १२ तले ९ उरतात. बाहेरच्या जोडीतून १.८ अँपिअर, म्हणजे ४.३ मिलिटेस्ला. आतल्या जोडीतून २.५ अँपिअर, म्हणजे ८.२. तुमचं क्षेत्र वर्तुळात फिरत नाही, जवळपास दुप्पट लांब लंबवर्तुळात फिरतंय.

लंबवर्तुळाचा त्रास दुहेरी आहे. क्षेत्राची दिशा सारख्या वेगाने फिरत नाही. लांब अक्षाजवळ ती रेंगाळते आणि आखूड अक्षाजवळ सरासरीच्या जवळपास दुप्पट वेगाने पळते. म्हणजे क्षेत्र सगळ्यात कमजोर असतं नेमकं तेव्हाच मॅग्नेटला सगळ्यात जोरात फिरावं लागतं. तुमचे झटके तेच.

आता ३ हर्ट्झची भिंत कुठून आली ते बघा. १ × १ मिमी मॅग्नेटचं आकारमान ०.७९ घन मिमी, त्याचा चुंबकी मोमेंट सुमारे ०.०००७५ अँपिअर-चौरस मीटर. ४.३ मिलिटेस्लात जास्तीत जास्त टॉर्क ३.२ मायक्रोन्यूटन-मीटर. २ मिमी व्यासाचा, १० मिमी लांब रोबो ठोकळमानाने सिलिंडर धरला, तर २० अंशाच्या शुद्ध ग्लिसरिनमध्ये तेवढ्या टॉर्कवर तो सेकंदाला साधारण २.९ फेऱ्यांपर्यंतच जाऊ शकतो. याला स्टेप-आउट म्हणतात. त्यापुढे क्षेत्र पुढे निघून जातं, मॅग्नेट मागे राहतो, मग उलटा खेचला जातो, आणि तुम्हाला थरथर दिसते. तुमचं निरीक्षण या आकड्यावर बरोबर बसतंय. वायरिंगमध्ये भूत शोधू नका.

करायचं काय:

एल२९८एन काढा. तो चॅनलला २ अँपिअरचा आहे आणि तुम्ही अडीच मागताय, म्हणून तापून स्वतःला बंद करतो. प्रत्येक जोडीला एक बीटीएस७९६० ड्रायव्हर मॉड्यूल आणि २४ व्होल्टचा एसएमपीएस घ्या. बाहेरच्या जोडीला ३ अँपिअरचं शिखर, आतल्या जोडीला २.२. दोन्हीकडे ७.२ मिलिटेस्ला मिळेल आणि वर्तुळ गोल होईल. स्टेप-आउट पाच हर्ट्झजवळ जाईल.

पण हे पीडब्ल्यूएमच्या आकड्याने सेट करू नका, करंट मोजून करा. तांबं दर अंशाला ०.३९ टक्क्याने रेझिस्टन्स वाढवतं. कॉइल ४० अंशांनी तापली की तेवढ्याच व्होल्टेजवर करंट तेरा-चौदा टक्क्यांनी घसरतो. त्यातही एक जोडी जास्त तापते, म्हणजे सकाळी गोल असलेलं क्षेत्र दुपारी पुन्हा अंडाकृती.

करंट मोजायला एसीएस७१२ बहुतेक जण उचलतात. तो हॉल सेन्सर आहे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रावरून करंट ओळखतो. कॉइलशेजारी ठेवलात तर तारेतल्या करंटबरोबर कॉइलचं क्षेत्रही मोजेल आणि आकडे खोटे निघतील. त्याऐवजी ०.०२ ओहमचा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) आणि त्यावर आयएनए२४० अ‍ॅम्प्लिफायर वापरा. तो ड्रायव्हर आणि कॉइलच्या मधे बसवला तरी पीडब्ल्यूएमच्या उड्यांनी गोंधळत नाही. उनोचा ४९० हर्ट्झचा पीडब्ल्यूएमही कमी पडतो: कॉइल किणकिणते आणि करंटमध्ये लहरी राहतात. २० किलोहर्ट्झवर जा. उनोवर ते टायमर-१ च्या दोनच पिनांना जमतं, बीटीएसला प्रत्येकी दोन लागतात, म्हणून सरळ ईएसपी३२ बोर्ड घ्या.

बॉबिन पुन्हा करा. पीएलए ५५-६० अंशांना मऊ पडतं आणि तारेचा ताण त्याला आत दाबतो. पीईटीजी किंवा एबीएस चालेल, हायलमची शीट कापून केलेत तर उत्तम. अ‍ॅल्युमिनियमचं कडं वापरायचा मोह झाला तर त्याला एका जागी आरपार काप द्या, नाहीतर ते स्वतःच एका फेऱ्याची शॉर्ट कॉइल होतं. स्क्रू पितळी. लोखंडाचा एकही नको, स्टँडचासुद्धा.

आणि टोकाकडे चिकटण्याबद्दल. हेल्महोल्ट्झ जोडीचं क्षेत्र अक्षावर मध्यापासून त्रिज्येच्या ०.३ पट अंतरापर्यंत एका टक्क्याच्या आत सारखं असतं. आतल्या जोडीत तो पल्ला दोन्ही बाजूंना १६-१७ मिमी, बाजूच्या दिशेलाही थोडाफार तेवढाच. तुमची नळी १०० मिमी आहे. मधल्या ३०-३५ मिमीबाहेर ग्रेडियंट (जागेनुसार क्षेत्राचा चढउतार) सुरू होतो आणि मॅग्नेट कॉइलकडे ओढला जातो. दाखवायचा प्रवास तेवढ्याच पट्ट्यात ठेवा, किंवा नळी स्टँडसकट सरकवत न्या.

दाट_द्रव

वरचं गणित चोख आहे, पण त्यातला २० अंश हा आकडा नाजूक आहे.

शुद्ध ग्लिसरिनची व्हिस्कॉसिटी २० अंशाला १.४ पास्कल-सेकंद, ३० अंशाला ०.६. एसी बंद केलात तर काहीही न बदलता स्टेप-आउट दुपटीहून वर जाईल, आणि परीक्षक म्हणतील की तुमचे आकडे जुळत नाहीत. शिवाय ग्लिसरिन हवेतलं पाणी ओढतं. पाच टक्के पाणी शिरलं की २० अंशालाच व्हिस्कॉसिटी ०.५ च्या आसपास. पावसाळ्यात उघडी बाटली दोन-तीन आठवड्यांत निराळंच द्रव होते. प्रत्येक मोजणीच्या वेळी नळीतलं तापमान लिहा आणि बाटली घट्ट बंद ठेवा. दुसरा मार्ग १००० सेंटिस्टोकचं सिलिकॉन तेल. ते तापमानाने कमी बदलतं आणि ओलावा घेत नाही. मात्र एकदा हात, टेबल, काच यांना लागलं की धुऊन निघताना जीव जातो. कॉलेजच्या लॅबला ग्लिसरिनच बरं.

पाण्यात करून बघायचा विचार असेल तर सोडा. २ हर्ट्झला तुमच्या रोबोचा रेनॉल्ड्स नंबर (द्रवाच्या चिकटपणाच्या मानाने जडत्व किती) ग्लिसरिनमध्ये ०.०२ येतो, पाण्यात २५. रक्तातल्या किंवा डोळ्यातल्या काही मायक्रॉनच्या रोबोला जडत्व जवळपास नसतंच, म्हणून तुमच्या मॉडेललाही ते नसायला हवं. याची सोपी चाचणी: क्षेत्र एकदम बंद करा. रोबो तिथल्या तिथे थांबला पाहिजे. थोडाही घरंगळत पुढे गेला तर तुम्ही सूक्ष्म रोबोचं मॉडेल दाखवत नाही, छोटी पाणबुडी दाखवताय. भौतिकशास्त्रज्ञ पर्सेलने १९७७ च्या लेखात हिशेब दिला आहे की पोहणारा जिवाणू फिरायचा थांबला तर अणूच्या व्यासापेक्षाही कमी अंतरात उभा राहतो. त्याच लेखात शिंपल्याचा नियम आहे: एकच बिजागर उघड-मीट करून अशा द्रवात कुठेच जाता येत नाही, कारण उघडताना जेवढं पुढे तेवढंच मिटताना मागे. म्हणून मळसूत्र. वेळ असेल तर पोस्टरसाठी बिजागराचा एक पट्टा करून त्याच नळीत हलवून दाखवा, मुद्दा एका मिनिटात पटतो.

एका बाजूला चढतो त्याचं कारण वजन. तांबं आणि मॅग्नेट मिळून १७-१८ मिलिग्रॅम, बाजूला सारलेलं ग्लिसरिन जेमतेम अडीच मिलिग्रॅमचं. रोबो तळाला टेकतो, आणि टेकून फिरणारी वस्तू घरंगळणारच. उजवीकडे फिरवलात तर एका भिंतीवर चढेल, डावीकडे फिरवलात तर दुसऱ्या. दिशा बदलून खात्री करून घ्या. तारेऐवजी रेझिनमध्ये प्रिंट केलेलं मळसूत्र ग्लिसरिनपेक्षा थोडं हलकं पडेल, पण मॅग्नेटचं वजन उचलण्याइतकं नाही. नीट इलाज म्हणजे तिसरी कॉइलजोडी लावून फिरण्याचा अक्ष किंचित वर उचलणं, म्हणजे रोबो नाक वर करून पोहतो.

भरताना बुडबुडा राहिला तर तो तारेच्या वेटोळ्यात अडकतो आणि रोबो तिरपा होतो. ग्लिसरिन ५० अंशांपर्यंत कोमट करून हळू ओता, रात्रभर उभं ठेवा.

वेगाची अपेक्षाही खाली आणा. द्रवात मळसूत्र एका फेरीत पूर्ण पिच पुढे जात नाही, पिचच्या एक दशांशाच्या आसपास जातं. ४ मिमी पिच, २ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला जेमतेम मिलिमीटर. त्याहून बराच जास्त दिसला तर नळी उतरती आहे का ते पाणसळीने बघा.

मेकॅट्रॉनिक्स_बीई

दोघांनाही धन्यवाद. फिरण्याची दिशा बदलली तर खरंच दुसऱ्या भिंतीवर चढला. तीन प्रश्न उरले.

एक, एवढं फिरवत बसण्यापेक्षा कॉइलने सरळ ओढून का नेत नाहीत? दोन, तोंडी परीक्षेत विचारणार की हे माणसात कुठे वापरतात, तर नेमकं काय सांगू? तीन, शेवटी खाटकाकडून आणलेल्या आतड्यात चालवून दाखवायचं मनात आहे.

सौ_मायक्रॉन

पहिल्याचं उत्तर देतो, कारण या सगळ्या क्षेत्राची मेख तिथेच आहे.

ओढण्याचं बळ चुंबकाच्या आकारमानावर अवलंबून असतं, म्हणजे लांबीच्या घनावर. द्रवाचा अडथळा लांबीवर. म्हणून आकार दहापट कमी केला की ओढण्याचा वेग शंभरपट घटतो. उदाहरण घ्या: १० मायक्रॉनचा निओडिमियमचा गोळा, एमआरआयचा ४० मिलिटेस्ला प्रतिमीटर ग्रेडियंट. बळ २० पिकोन्यूटन. रक्तात त्याचा वेग सेकंदाला ६० मायक्रॉन. मोठ्या धमनीत रक्त सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटरने वाहतं. हिशेब संपला.

फिरवण्यात असं होत नाही. टॉर्क घनावर, फिरण्याचा अडथळाही घनावर, म्हणून स्टेप-आउट फ्रिक्वेन्सी आकाराने बदलतच नाही. लहान रोबो आपल्या लांबीच्या मानाने तेवढ्याच चपळाईने पोहतो. प्रवाहाविरुद्ध तोही मोठ्या धमनीत टिकणार नाही, पण डोळ्यातल्या जेलमध्ये किंवा मेंदूभोवतीच्या द्रवात त्याला वाव आहे.

दुसरी बाजू कॉइलची. तुमची ७५ मिमीची जोडी माणसासाठी ३०० मिमीची केली, तर तेवढ्याच क्षेत्राला चौपट वीज लागते. तेवढाच ग्रेडियंट हवा असेल तर ६४ पट. क्षेत्राला लागणारी वीज त्रिज्येच्या पटीत वाढते आणि ग्रेडियंटला लागणारी त्रिज्येच्या घनाच्या पटीत, म्हणून. टेबलावरचे सुंदर प्रयोग दवाखान्यात पोचत नाहीत त्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि पोस्टरवर सहसा कोणी हे लिहीत नाही. तुम्ही लिहा.

मोठ्या वस्तूला मात्र ओढणं जमतं. २००७ मध्ये माँट्रियलच्या इकोल पॉलिटेक्निकमधल्या सिल्व्हेन मार्टेल यांच्या गटाने साध्या दवाखान्यातल्या एमआरआय यंत्राने जिवंत डुकराच्या मानेतल्या धमनीत १.५ मिमीची पोलादी गोळी सेकंदाला सरासरी १० सेंटिमीटरने फिरवली होती. दीड मिलिमीटर आणि दहा मायक्रॉन यांतलं अंतर वरच्या गणितात घालून बघा.

पोटातली_कॅप्सूल

माणसात काय आहे, याबद्दल तोंडी परीक्षेत नेटकं बोला. बातम्यांत ‘नॅनोबॉट रक्तात सोडले’ असलं छापून येतं, त्याच्या नादी लागू नका. स्वतः पोहत जाऊन उपचार करणारा सूक्ष्म रोबो आज नेहमीच्या उपचारात नाही.

आहे ते असं. गिळायची कॅमेरा-कॅप्सूल, ११ × २६ मिमी, अमेरिकेत २००१ पासून मान्य. ती रोबो नव्हे, आतडं ढकलेल तशी जाते. तिची पुढची पायरी म्हणजे चुंबकाने वळवता येणारी जठराची कॅप्सूल, नॅव्हीकॅम. तिला अमेरिकी एफडीएने २०२० मध्ये वाट दिली. रुग्ण पाणी पिऊन जठर फुगवतो आणि बाहेर यंत्राच्या हातावरचं मोठं कायमचं चुंबक हलवून आतला कॅमेरा वळवतात. लहान आतड्यात हे इतकं चालत नाही, कारण तिथे भिंती कॅप्सूलला चिकटून असतात आणि चुंबकापासूनचं अंतरही सारखं बदलतं. तिसरी गोष्ट चुंबकाने वळणारा कॅथेटर, स्टिरिओटॅक्सिसची निओबी. रुग्णाच्या दोन बाजूंना दोन अजस्र चुंबकं आणि मधे सुमारे ०.१ टेस्लाच्या आतलं क्षेत्र, ज्याने हृदयातल्या कॅथेटरचं टोक वळतं. त्याला मागे तार आहे, म्हणून लोक रोबोच्या यादीत धरत नाहीत. पण दवाखान्यात रोज चालणारं चुंबकी नेव्हिगेशन तेच.

प्राण्यांपर्यंत पोचलेलं ताजं काम म्हणजे झ्युरिकच्या ईटीएचमधलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेलं. जेलची विरघळणारी गोळी, तिच्यात चुंबकत्वासाठी आयर्न ऑक्साइड आणि एक्स-रेत दिसावी म्हणून टँटलमचे कण. जागेवर पोचल्यावर उच्च फ्रिक्वेन्सीचं क्षेत्र देऊन आयर्न ऑक्साइड तापवतात, जेल विरघळतं, औषध सुटतं. डुकरांत आणि मेंढीत करून बघितलंय. गंमत म्हणजे त्यांनी एकच पद्धत धरली नाही. भिंतीवरून लोळवणं, ग्रेडियंटने ओढणं आणि प्रवाहाबरोबर सोडून फाट्यावर वळवणं, जिथे जे चालेल ते. तुमचा रोबो भिंतीवर घरंगळतो तो दोषच असतो असं नाही, हे त्यावरून दिसेल.

आपल्याकडचं नाव हवं असेल तर बंगळुरूची आयआयएससी. अंबरीश घोष यांनी २००९ मध्ये पेअर फिशर यांच्याबरोबर सिलिकाचे मायक्रॉनभर लांबीचे चुंबकी स्क्रू फिरवून दाखवले होते. तुमचं मॉडेल थेट त्याच घराण्यातलं. २०२२ मध्ये त्यांच्या गटाने तसेच लोहाचा थर दिलेले स्क्रू काढलेल्या दातांच्या सूक्ष्म नलिकांत खोलवर नेले आणि क्षेत्राने तापवून जिवाणू मारता येतात हे दाखवलं. दात ही हुशारीची निवड आहे: प्रवाह नाही, आणि कॉइल दातापासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवता येते.

आता आतडं. खाटकाकडून आणलेल्यावर काम करायला प्राणी-प्रयोगाची परवानगी लागत नाही, तरी कॉलेजच्या सुरक्षा समितीला विचारा. जिवंत प्राणी मनातही आणू नका, त्याला संस्थेची प्राणी-नीती समिती आणि सीसीएसईएची (प्राणी-प्रयोगांवर देखरेख ठेवणारी सरकारी समिती) नोंदणी लागते.

बोकडाची वजडी सांगताना ‘न उकळलेली, चुना न लावलेली’ असं स्पष्ट सांगा. लहान आतड्याचा १५ सेंटिमीटरचा तुकडा, आतून मिठाच्या पाण्याने हलक्या धारेने धुवायचा, लिटरला ९ ग्रॅम मीठ. साध्या पाण्याने पेशी फुगतात आणि आतला बुळबुळीत थर निघून येतो. फ्रीजमध्ये ४ अंशांवर, त्याच दिवशी वापरायचं. फ्रीझरमध्ये टाकलं की बर्फाने अस्तर फाटतं. तुमच्या रोबोची अडचण मात्र वेगळी होणार: मोकळं आतडं चपटं पडतं, आणि म्यूकस तारेच्या वेटोळ्यांत गुंडाळला जाऊन दहा-वीस फेऱ्यांत रोबो गुळगुळीत कांडी होतो. मग तो फिरतो, पुढे जात नाही. आतडं दोन्ही टोकांना नळीवर बांधून ग्लिसरिनने फुगवलंत तर थोडा वेळ चालेल.

एक गोष्ट ठणकावून. मॅग्नेट मोजून घ्या, मोजून ठेवा आणि जेवणाच्या डब्याजवळ नेऊ नका. एक मॅग्नेट गिळला गेला तर बहुतेकदा निघून जातो. दोन वेगवेगळ्या वेळी गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मधे चिमटतात, तिथलं रक्त तुटतं आणि भोक पडतं. लहान मुलांत यासाठी पोट उघडायची पाळी येते. लॅबला भेट द्यायला शाळेची मुलं येणार असतील तर सुटे मॅग्नेट कुलपात.

दाट_द्रव

आतड्यापेक्षा अगारोज (समुद्री शेवाळापासूनची, जेल करायची पूड) जास्त दाखवण्यासारखं आहे. लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे ०.६ टक्के, मेंदूच्या ऊतीचं मॉडेल म्हणून सर्रास वापरतात. उकळून पारदर्शक होईपर्यंत ढवळा, ५० अंशांपर्यंत निवू द्या, मग नळीत ओता. जेलमध्ये मळसूत्र लाकडात स्क्रू शिरावा तसं जातं, एका फेरीला जवळपास पूर्ण पिच. ग्लिसरिनमधल्या एक दशांशाशेजारी हा आकडा ठेवलात तर फरक डोळ्यांसमोर येतो. तारेचं पुढचं टोक तिरकं कापून धार ठेवा आणि मॅग्नेट मागच्या टोकाला न्या, कारण बोथट मॅग्नेट पुढे असला तर जेल फाडायला टॉर्क पुरणार नाही. एका टक्क्यावर गेलात तर रोबो स्वतःच्या जागी भोक कोरून त्यातच फिरत राहील.

मेकॅट्रॉनिक्स_बीई

कळलं. आधी ग्लिसरिन, मग अगारोज, आतडं वगळतो. तिसरी जोडी कितीची करू? १०० मिमी त्रिज्या धरली तर ७.२ मिलिटेस्लासाठी २७० फेरे येतात. एका कॉइलला किलोभर तार लागेल, आणि ३ अँपिअरला २४ व्होल्ट पुरत नाहीत.

तांब्याची_तार

७.२ लागणारच नाही. तिसऱ्या जोडीचं काम फिरण्याचा अक्ष उचलण्यापुरतं आहे. १५ अंश उचलायचं तर नळीच्या दिशेचं क्षेत्र ७.२ गुणिले साइन १५, म्हणजे १.९ मिलिटेस्ला पुरे. १०० मिमी त्रिज्येवर १०० फेरे आणि २.१ अँपिअर. जोडीचा रेझिस्टन्स ३.३ ओहम, सात व्होल्टमध्ये काम होतं. तार कॉइलला ६३ मीटर, म्हणजे पावणेचारशे ग्रॅमच्या आत. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला, नाहीतर कोणत्याही मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे किलोवर मिळते. २० गेज मागा, मायक्रोमीटरने मोजून घ्या, ०.९१ मिमी यायला हवी.

या जोडीला द्यायचा करंट उभ्या क्षेत्राच्या जोडीशी एकाच फेजमध्ये, किंवा बरोबर उलट. उलट केलात तर नाक खाली जाईल, मग तारा अदलाबदल करा. कोन ५ अंशांपासून वाढवत जा. १७-१८ मिलिग्रॅमला किती पुरतो ते व्हिस्कॉसिटी आणि वेगावर ठरेल, कागदावर शोधत बसण्यापेक्षा नळीत बघून लवकर कळतं.

जोडणी झाल्यावर रोबो टाकण्याआधी प्रत्येक जोडीतल्या दोन्ही कॉइल एकाच दिशेने गुंडाळल्या गेल्यात का ते तपासा. १ अँपिअर डीसी द्या, एसएस४९ई हा चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर बरोबर मधोमध धरा. तो मिलिटेस्लाला १४ मिलिव्होल्ट देतो. उनोच्या एडीसीची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणून सरळ मल्टिमीटरवर वाचा. बाहेरच्या जोडीत २.४ मिलिटेस्ला, म्हणजे शून्यापासून ३४ मिलिव्होल्ट सरकायला हवेत. मधोमध काहीच हललं नाही आणि कॉइलजवळ नेल्यावर भरपूर हललं, तर एक कॉइल उलटी लागली आहे. तिची दोन टोकं बदला.